हिर्शवायलरखालचा खांब

लक्झेंबर्गच्या त्या हॉटेलात कॉफी चांगली मिळायची. त्या चार महिन्यांत दुसरं काही चांगलं घडल्याचं मला आठवत नाही. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, एका बाजूला बॉनहून आलेले जर्मन साहेब, समोर पॅरिसहून आलेले फ्रेंच साहेब, आणि मधे पसरलेले नकाशे. नकाशे मी काढलेले होते म्हणून मीही तिथे होतो, साहेबांच्या मागच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून. कुणी "स्पायशर, हे काय आहे?" असं विचारलं की उठायचं, बोट ठेवून सांगायचं आणि परत बसायचं.

माझं नाव निकोलाउस स्पायशर. गावाकडे निकेल म्हणतात. मी खाणीचा सर्व्हेअर. कोळसा जमिनीखाली कुठे आहे, किती आहे आणि आमची माणसं खणत खणत कुठवर पोचली आहेत हे मोजून कागदावर उतरवायचं, यात माझी तीस वर्षं गेली. मी जर्मनी आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या सार प्रांताचा. सारचा म्हणजे कुठल्या देशाचा, हे मात्र विचारू नका. पत्ता न बदलता मी तीनदा देश बदलला आणि आता चौथी खेप चालली होती. आदल्या ऑक्टोबरात, पंचावन्न साली, आम्हाला विचारण्यात आलं, जर्मनीचे नको, फ्रान्सचेही नको, तुम्ही सरळ युरोपचे होता का? तिघांतल्या दोघांनी नाही म्हटलं. झेंडे लावले, बिअर प्यायली, ओरडून घसे बसवले. मग कळलं की नाही म्हणायलाही कागद लागतात, आणि हो म्हणण्यापेक्षा जास्तच लागतात.

वरच्या मंडळींचं बरंचसं जुळलं होतं. सार जर्मनीला परत मिळणार, फ्रेंचांना मोझेल नदीतून मोठ्या बोटी नेता येणार, कोळसा आणि पोलादाचा सहा देशांचा सामाईक संसार पुढे चालणार. घोडं पेंड खात होतं ते वार्न्टपाशी. वार्न्ट म्हणजे आमच्या सीमेवरचा जंगलाचा कोपरा. जमीन आमची, पण तिच्या पोटातला कोळसा लोरेनमधल्या फ्रेंच खाणी पलीकडून बोगदे घालून काढत होत्या. तो त्यांनी आणखी किती वर्षं काढायचा आणि किती टन काढायचा, हे ठरवायला आमची उपसमिती बसली होती. फेब्रुवारीत बसली ती मे आला तरी उठेना.

समोर फ्रेंच साहेबांच्या मागे, माझ्यासारखाच भिंतीला पाठ लावून, एमिल बूर बसायचा. तो पलीकडच्या खाणीचा सर्व्हेअर. त्याचं गाव माझ्या गावापासून सायकलवर चाळीस मिनिटं. अठ्ठेचाळीस सालापासून आम्ही दोघांनी मिळून सीमेखालचे बोगदे मोजले होते. त्याची आई आणि माझी आई एकाच बोलीत शिव्या द्यायच्या. पण सभेत तो फ्रेंचमध्ये बोलायचा, दुभाषी ते जर्मनमध्ये आणायचा, मी गंभीरपणे ऐकून जर्मनमध्ये उत्तर द्यायचो, आणि ते पुन्हा फ्रेंचमध्ये जायचं. "मस्यू बूर, आपल्या या आकड्याला आधार काय?" असं मी त्याला चारचौघांत अदबीने विचारायचो. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलो की तो म्हणायचा, "गाढवा, आधार तूच दिलायस की मला." आणि आम्ही पुलावर उभं राहून घरून आणलेलं लायनर सॉसेज चाकूने कापून खायचो. हॉटेलातलं जेवण साहेबांसाठी होतं.

त्या वर्षी ईस्टरला मी ताईकडे गेलो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, अपोलोनिया. ती हिर्शवायलरला राहते. अडतीस घरं, एक चर्च, एक शाळा आणि सगळीकडून जंगल, एवढंच गाव. आमचे वडील तिथलेच, आजोबाही. मी शिकलो, नोकरीपायी सारब्र्युकेनला गेलो. ती माथेसशी लग्न करून तिथेच राहिली. मूलबाळ झालं नाही. माथेस युद्धात रशियाला गेला तो आलाच नाही.

घर सोडून पळणं हिर्शवायलरच्या पाचवीलाच पुजलं आहे. एकोणचाळीसच्या सप्टेंबरात फौजदार दारात येऊन सांगून गेला, दोन दिवसांचं सामान घ्या, सीमेवर गोळीबार होणार आहे. ते दोन दिवस वर्षभर चालले. ताई परत आली तेव्हा शेळ्या गेल्या होत्या आणि दारं कुणीतरी शेकोटीत घातली होती. चव्वेचाळीसच्या थंडीत पुन्हा तेच, फक्त या वेळी कुणी किती दिवस तेही सांगितलं नाही. परत आली तर पुढच्या भिंतीला बैलगाडी जाईल एवढं भोक. ताईने ती भिंत स्वतःच्या हातांनी उभी केली. चुना कालवताना तिच्या हाताची कातडी गेली, ती अजूनही नीट आलेली नाही.

ईस्टरच्या दिवशी जेवण झाल्यावर तिने भांडी बाजूला सारली आणि विचारलं, लोक म्हणतात तुम्ही तिकडे आमच्या पायाखालचा कोळसा विकताय, हे खरं का? मी म्हटलं, जंगलाखालचा. गावाखालच्याला कुणी हात लावत नाही. गावाखाली खांब आहे.

खांब म्हणजे काय हे खाणवाल्यांच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही, पण इथे सांगतो. कोळसा काढला की वरची जमीन हळूहळू खचते, भिंतींना तडे जातात, विहिरी आटतात. म्हणून गावाच्या खाली, गावाएवढा आणि चारी बाजूंनी थोडा जास्त, कोळसा तसाच राखून ठेवायचा. नकाशावर तिथे तिरप्या रेघा मारायच्या. कायद्यात ते कुठेतरी असेलही, पण आम्ही ते कायद्यातून शिकलो नाही. माझ्या पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्या मुकादमाने दिवा उंच धरून मला तो काळा कडा दाखवला आणि सांगितलं, याच्यावर चर्च आहे, इथे कुदळ मारायची नाही. बस. त्याला त्याच्या मुकादमाने तसंच सांगितलं होतं.

ताई म्हणाली, "खांब आहे हे तुला माहीत आहे, निकेल. कागदाला माहीत आहे का?"

मी टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करू लागलो.

"दोन्ही वेळा आम्हाला तोंडीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "काळजी करू नका, तुमचं घर कुठे जात नाही. आता मी एकोणसाठची झाले. तू रोज त्या साहेबांच्या पाठीशी बसतोस. या खेपेला मला लिहून आण."

मी आणतो म्हणालो. तिला वाटलं, भाऊ हसून टाळतोय. मी हसत नव्हतो. कागदाला माहीत नव्हतं, आणि त्याला कारण मीच होतो.

झालं असं होतं. सत्तेचाळीसच्या थंडीत आमच्या खाणींवर नवा फ्रेंच कारभार आला. त्यांनी एक तक्ता पाठवला, कुठल्या थरात किती कोळसा आहे तो भरून द्या म्हणून. आमच्या जुन्या तक्त्यात दोन रकाने असायचे: जमिनीत एकूण किती, आणि त्यातला खांब सोडून काढता येण्याजोगा किती. नव्या तक्त्यात रकाना एकच होता. मी एकूण आकडा लिहिला, खांबासकट, आणि सोबत रेघा मारलेला नकाशा जोडला. नकाशा पाहिला की कुणालाही कळेल, असा हिशेब. पुढे तक्ता पॅरिसला गेला आणि नकाशा आमच्याच कपाटात राहिला. महिन्याभरात ते माझ्या लक्षात आलं. एक चिठ्ठी पाठवली असती तर काम झालं असतं. पण त्या थंडीत आम्ही गाजराचा पाला खात होतो, आणि ज्या खाणीत कोळसा जास्त तिला माणसं आणि शिधा जास्त मिळायचा. फुगलेल्या आकड्याने कुणाचं काय बिघडतंय, असं मी मनाला समजावलं आणि कानाडोळा केला. तोच आकडा नऊ वर्षं कागदावरून कागदावर उतरत गेला आणि शेवटी हिरव्या टेबलावर येऊन बसला. दोन्ही बाजूंना तो मान्य होता. त्या अख्ख्या टेबलावर मान्य असलेली तेवढी एकच गोष्ट होती. त्यातले पस्तीस लाख टन हिर्शवायलरच्या खाली होते.

मेच्या मध्यावर किती वर्षं हे ठरलं, किती टन हेही ठरलं. आता मसुदा टंकून यायचा होता. मग माझा धीर सुटला आणि पुलावर मी एमिलला सगळं सांगितलं.

तो खात होता तो खातच राहिला. मला हे अठ्ठेचाळीसपासून माहीत आहे, म्हणाला. पहिल्यांदा खाली उतरून मोजलं तेव्हाच बेरीज जुळली नव्हती.

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला बोलू? आमच्या खालच्या नकाशावर रेघा आहेत. माझा सगळ्यात मठ्ठ मुकादमसुद्धा तिथे कुदळ मारणार नाही. खाणीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, ठाऊक नाही ते फक्त या साहेबांना. आणि त्यांना ठाऊक नाही तोवर खांब उभा आहे, निकेल. तू सांगितलंस की त्यांना ठरवावं लागेल. ही माणसं ठरवायला बसली की काय करतात ते तू चार महिने बघतोयस."

मी विचारलं, तुझी नोकरी किती उरली? चार वर्षं, म्हणाला. आणि त्यानंतर तुझ्या खुर्चीत पॅरिसहून शिकून आलेला कुणी बसला आणि त्याने कागदावर वाचलं की इथे पस्तीस लाख टन मंजूर आहेत, तर?

"मी त्याला सांगून जाईन."

"तोंडी?"

"तोंडी. तू तरी दुसरं कसं शिकलास?"

त्याचं चुकत नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ताई होती, आणि तिने मागितलं होतं ते एवढंच की या खेपेला तोंडी नको. मी एमिलला म्हटलं, मी उद्या सभेत सांगणार. चूक माझी आहे, दुरुस्त मीच करणार. त्याने चाकू पुसून मिटला. मग म्हणाला, मी तुझ्याविरुद्ध बोलणार नाही, पण मला सरळ प्रश्न विचारला तर मी खोटंही बोलणार नाही. माझीही नोकरी आहे. मी म्हटलं, तुला खोटं बोलायला कोण सांगतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न विचारता उठलो. तीस वर्षांत पहिल्यांदा. कपाटातला तो जुना नकाशा आणवून ठेवला होता, तो हिरव्या कापडावर पसरला. रेघांवर बोट ठेवून सांगितलं, हे गाव, हा खांब, हा कोळसा काढायचा नसतो, आणि आकड्यात तो माझ्या चुकीने आला आहे. पस्तीस लाख टन वजा करावेत.

आमचे प्रमुख डॉक्टर हासेनकांप हे उत्तरेकडचे, समुद्राकाठचे. खाण त्यांनी बहुधा चित्रातच पाहिली असावी, पण माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि मान न वळवता मला हळूच विचारलं, "आत्ता, स्पायशर? नऊ वर्षांनी, टंकायला दिल्यावर?" फ्रेंचांचे प्रमुख मात्र अगदी सौम्य होते. ते म्हणाले, चूक कुणाच्याही हातून होते, पण आकडा आता वरपर्यंत गेला आहे, मंत्र्यांनी तो धरून मोझेलचं ठरवलं आहे. पस्तीस लाख कमी करायचे तर दुसरीकडून भरून द्या. दुसरीकडे नव्हते. हे मी सांगितलं, एमिलनेही मान हलवली.

मग ते एमिलकडे वळले. "मस्यू बूर, शुद्ध तांत्रिक प्रश्न. हा कोळसा काढता येईल का?"

एमिल उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दुभाष्याची मला गरज नव्हती, तरी त्याने ते जर्मनमध्ये आणेपर्यंत मी थांबलो, न जाणो वेगळं काही निघालं तर.

"काढता येईल," एमिल म्हणाला होता. "वर घरं नसली तर."

दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे बघायला लागले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्या तोंडावर हुशारी दिसली. अडलेल्या माणसाला वाट सापडल्यावर येते तशी. अडतीसच घरं आहेत ना, असं कुणीतरी विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पुढचे दोन दिवस साहेब आतल्या खोलीत बसले. आम्हाला बोलावलं नाही. मी आणि एमिल बाहेरच्या पडवीत बसून होतो, समोरासमोर. तिसऱ्या दिवशी डॉक्टर हासेनकांप बाहेर आले आणि त्यांनी मला बाजूला घेतलं. जोडपत्रात एक नवा परिच्छेद आला होता. हिर्शवायलरच्या रहिवाशांना नऊ वर्षांच्या आत जंगलाच्या दुसऱ्या कडेला नवी वसाहत बांधून मिळेल, प्रत्येक घराला न्हाणीघर आणि नळाचं पाणी, नवं चर्च, नवी शाळा. त्यानंतर गावाखालचा कोळसा ठरल्याप्रमाणे. दोन्ही बाजूंना मान्य.

"तुम्ही बोललात हे फार बरं झालं, स्पायशर," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "नाहीतर या लोकांचा कुणी विचारच केला नसता. आता निदान त्यांना सगळं रीतसर मिळतंय, लेखी."

मी म्हटलं, साहेब, त्यांना न्हाणीघर नको आहे. ते माझ्या खांद्यावर थोपटून आत गेले. त्यांना बॉनची गाडी गाठायची होती. मला त्यांचा राग आला नाही, आणि याचाच मला जास्त त्रास झाला. रागावण्याएवढी शिल्लकच माझ्यात राहिली नव्हती. ऑक्टोबरातल्या एका 'नाही'मुळे आणि एका तक्त्यामुळे माझं गाव उठणार होतं, आणि मधे जेवढे लोक होते ते सगळे सभ्य होते.

एमिलने माझी नकाशांची पेटी स्टेशनपर्यंत उचलून आणली. त्याला वाटलं असतं तर त्याने मला ऐकवलं असतं, त्याचा हक्क होता. तो म्हणाला, "मी खोटं बोलायला हवं होतं का रे?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तरी बोलायला हवं होतं. गाडी हलेपर्यंत तो फलाटावर टोपी हातात धरून उभा होता, कुणाच्या मयताला आल्यासारखा.

मी त्या परिच्छेदाची नक्कल मागून घेतली होती. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळच्या बसने हिर्शवायलरला गेलो. प्रार्थना सुटली होती, लोक चर्चसमोर उभे होते. "ग्लुक आउफ, निकेल," असा आपला रामराम करत खाणवाल्यांनी हात वर केले, मीही केला. ताईने मला पाहिलं आणि ती घरी निघाली, मी मागोमाग. आत गेल्यावर तिने डोक्याचा रुमाल सोडला, टेबलाशी बसली आणि हात पुढे केला. मी कागद दिला.

ती सावकाश वाचते, बोट ठेवून. निम्म्यावर आली तेव्हा बोट थांबलं. मी तोंड उघडलं तर तिने दुसरा हात वर करून मला थांबवलं.

"लोकांना माहीत आहे?"

"नाही. सरकारी पत्र येईल महिन्या-दोन महिन्यांनी."

"म्हणजे पुन्हा फौजदार दारात येणार." तिने कागदाची घडी घातली. "आज सांगायचं. आणि तू सांगायचं."

मी म्हटलं, चर्चसमोर अजून मंडळी आहेत, तिथेच सांगतो सगळ्यांना एकदम.

"तिथे नाही. तिथे ते ओरडतील आणि घरी जाऊन रडतील. घरोघरी जाऊन सांग. आधी जेव."

जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. मग निघालो. ती प्रत्येक दाराशी माझ्यापुढे एक पाऊल उभी राहायची, दार वाजवायची आणि म्हणायची, "निकेल आलाय, त्याचं जरा ऐकून घ्या." तेवढं बोलून बाजूला व्हायची. मी सांगायचो: खांब, तक्ता, आकडा, माझी चूक, नऊ वर्षं, न्हाणीघर. पहिल्या घरी मी साहेबांसारखा बोललो, परिच्छेद, जोडपत्र. ताई बाहेर आल्यावर म्हणाली, नीट सांग, त्यांना काही कळलं नाही. दुसऱ्या घरापासून नीट सांगितलं.

कुणी मला मारलं नाही. म्हाताऱ्या फाल्टिनने दार तोंडावर लावलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडून उरलेलं ऐकलं. शाळामास्तरांच्या बायकोने विचारलं, कबरी पण हलवणार का? मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. एका घरात नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं, आणि न्हाणीघर या शब्दावर बायकोचा चेहरा क्षणभर खुलला, मग तिलाच लाज वाटली आणि तिने ॲप्रनने टेबल पुसायला घेतलं. कुठेही गेलो तरी बहुतेकांनी विचारलं ते एकच: कधीपर्यंत? जणू एवढंच विचारायचं असतं हे त्यांना दोन वेळच्या सवयीने ठाऊक झालं होतं. सदतिसाव्या घरातून बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. माझे पाय दुखत होते आणि तोंडात शब्द शिळे झाले होते. वाटलं, संपलं एकदाचं.

ताई तिच्या घराशी आली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मी बाहेर उभा राहिलो. आधी वाटलं, रागावली. मग आतून काहीच आवाज येईना, पाण्याचा नाही, भांड्याचा नाही, तेव्हा कळलं की ती दाराच्या पलीकडे उभी आहे आणि वाट बघते आहे. अडतिसावं घर राहिलं होतं. दिवसभरात मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं, तिने फक्त वाचलं होतं, तेही निम्मं.

मी दार वाजवलं.

तिने उघडलं. खुर्ची दाखवली, मी बसलो नाही. मी तिला सगळं सांगितलं, दुसऱ्या घरापासून सांगत होतो तसंच, काही न गाळता. सत्तेचाळीसची थंडी सांगितली. चिठ्ठी पाठवली नाही ते सांगितलं. एमिल गप्प राहा म्हणत होता आणि मी ऐकलं नाही हेही सांगितलं. तुझ्यासाठी बोललो, असं म्हणणार होतो, पण ते तोंडातून निघालं नाही, आणि बरं झालं. मला रडू आलं. ती रडली नाही. माझं आटपेपर्यंत थांबली.

"कधीपर्यंत?" तिने विचारलं.

"नऊ वर्षं. पासष्टपर्यंत."

"मी अडुसष्ट." तिने मनाशी जुळवून पाहिलं. मग ती खाणीच्या सर्व्हेअरला कुठलीही घरमालकीण विचारते तशा आवाजात म्हणाली, "मंगळवारी पलीकडच्या गावचा कौलवाला येणारेय. अख्खं छप्पर नवं करायचं ठरलंय, कौलं सांगून ठेवलीत. आता सांग, करू का नको?"

मी वर पाहिलं. जुनी कौलं ठिगळं लावून लावून आणखी नऊ-दहा वर्षं निघाली असती. ते मी मोजू शकत होतो, दुसरं काही मोजता आलं नसतं तरी.

"नको, ताई."

तिने मान हलवली. कौलवाला रविवारी संध्याकाळी घरीच असतो, म्हणाली, आणि रुमाल पुन्हा डोक्याला बांधून त्याला नको सांगायला निघाली.